मिशीवाला शालू

अभिमन नाना दिवसभर साड्या घ्यायचे अंगावर, आणि संध्याकाळी सायकलवर टांग मारून मिशीला पीळ देत घरी जायचे. हे वाचून कोणाला फिदीफिदी हसायचं असेल तर त्यानं आत्ताच हसून घ्यावं. पुढे हसलेलं मला खपणार नाही.

जळगावला सुभाष चौकाच्या मागच्या गल्लीत रतिलाल शेठचं साड्यांचं दुकान होतं. नाना तिथे गादीवर साड्या दाखवायला असायचे. पाचोऱ्याकडच्या एका खेड्यातून मिसरूड फुटायच्या आत आले ते तिथलेच झाले. गिऱ्हाईक बसलं की नाना घडी झटकून साडी पांढऱ्या चादरीवर पसरायचे, मग उभं राहून पदर खांद्यावर घ्यायचे. इथवर सगळ्याच दुकानांत होतं. पण नाना त्यापुढे एक करायचे, ते दुसरा कोणी धजायचा नाही. ते पदर सरळ स्वतःच्या डोक्यावरून घ्यायचे.

आता त्याचं कारण ऐका. आमच्या खान्देशात लग्नाकार्यात, वडीलधाऱ्यांपुढे, बाईच्या डोक्यावर पदर लागतो. म्हणजे साडीचा काठ येणार कुठे? कपाळावर, कुंकवाच्या वर. बाई मांडवात दिवसभर वावरणार, आणि समोरचा माणूस आधी बघणार तो काठ. काठ रुंद असला तर कपाळ बुजतं. काठातली जरीची तार कडक असली तर तो टोपीसारखा उभा राहतो. निसरडा असला तर बाईचा अर्धा जीव पदर सावरण्यात जातो. साडी खांद्यावर टाकून यातलं काही कळत नाही, आणि काचेतल्या पुतळ्यावर तर मुळीच नाही. म्हणून बायाच म्हणायच्या, "नाना, डोकावर लीसन दखाडा ना!" मग नाना एवढ्या मोठ्या मिशीचे, डोक्यावर पदर घेऊन, मान जराशी खाली घालून उभे राहायचे. हसायचं कोणी नाही. बाया काठ बघायच्या, एकमेकींना कोपर मारायच्या आणि साडी घ्यायच्या.

लग्नाची कापडखरेदी म्हणजे आमच्याकडे बस्ता. बस्त्याला जीप भरून बाया येतात, आणि त्यात एक तरी रुसायला आलेली असते. तिला वरपक्षानं मागे विचारलेलं नसतं, किंवा तिच्या जावेला जास्त विचारलेलं असतं. नाना ती बाई उंबऱ्यातच ओळखायचे आणि पहिली साडी तिच्यापुढे उलगडायचे. "मावशी, तुम्ही आधी नजर टाका, मग बाकीच्यांचं बघू." झालं! मावशी खूश, बस्ता अर्ध्या वेळात आटपायचा.

मी याच गल्लीत, दुकानाच्या वरच्या माडीवर कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे. चिडकी बाई म्हणून माझी ख्याती होती आणि ती काही खोटी नव्हती. १९९९ च्या उन्हाळ्यात रतिलाल शेठ धापा टाकत जिना चढून आले आणि म्हणाले, "बेन, आपली दुकान इंटरनेटवर टाका. आपल्या भागातले पोरं अमेरिकेत गेले, त्यांच्या लग्नाचे बस्ते तिथून होऊ द्या." मी पुण्याला जाऊन वेब पेज बनवायचं शिकून आले होते, पण बनवून घेणारं कोणी भेटत नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

साड्यांची माहिती सांगायला शेठनी नानांना वर पाठवलं. नाना चपला जिन्यातच काढून यायचे, जसं काही देवघरच आहे, आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसायचे. मला म्हणायचे मास्तरीणबाई. स्क्रीनवर मी काय काय टाइप करते ते बघत राहायचे आणि मग हळूच विचारायचे.

"हे टोकदार कंस कशाले?"

"ह्याला टॅग म्हणतात, नाना. इथे सांगायचं, आता अक्षर ठळक कर. मग शब्द लिहायचा. मग सांगायचं, ठळक पुरे."

"आन् पुरे म्हणायचं राहिलं तर?"

"तर खालचं सगळं पान ठळक."

नाना विचारात पडले. "म्हणजे एका मामीले चहा सांगितला आन् 'बस' म्हटलंच नाही, तर सगळं वऱ्हाड चहा पिऊन जाईन."

मी दोन वर्षं पोरांना हेच शिकवत होते, पण इतकं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीपासून मी वर्गात मामीचा चहाच सांगायला लागले.

साड्या मांडायला मी तक्ता केला, त्यात ओळी आणि ओळींमध्ये खाने. ते नानांना लगेच पटलं, कारण दुकानात मांडणी तशीच होती. चित्राची गोष्ट मात्र त्यांना पटेना. मी सांगितलं, पानात चित्र नसतंच, तिथे फक्त चित्राचा पत्ता लिहायचा. बघणाऱ्याचा कॉम्प्युटर त्या पत्त्यावर जातो आणि चित्र आणतो. पत्त्यावर काही सापडलं नाही, तर तिथे रिकामी चौकट दिसते आणि तिच्या कोपऱ्यात लाल फुली.

बाहेरच्या दुकानांच्या साइटवर ढकलगाडीचं चित्र असायचं. वस्तू आवडली की गाडीत टाका, असं लिहिलेलं. ते बघून नाना कळवळले. "अवो, गाडीत केळी टाकतात! लग्नाची साडी गाडीत टाकता का?"

"मग काय लिहू?"

"बस्त्यात टाका."

मी तेच लिहिलं. खरीखुरी गाडी बनवायला जे प्रोग्रॅमिंग लागतं ते इंटरनेटवरच्या आमच्या फुकटच्या जागेत चालतच नव्हतं. म्हणून प्रत्येक साडीखाली एक चौकोन ठेवला. त्यात खूण करायची आणि खालचं बटन दाबायचं, की शेठना ईमेल. त्या बटनावर 'बस्त्यात टाका'. अजून मला ते बटन आवडतं.

भांडण झालं ते फोटोंवरून. इसाकभाई फोटोग्राफर कॅमेरा घेऊन आले आणि त्यांनी काचेतला पुतळा मागितला. नाना आडवे आले. "त्या पुतळ्याचे खांदे पाहा, खुंटीवानी. साडी घडीत मरते, मास्तरीणबाई, आन् पुतळ्यावर तिचं मढं दिसतं. ती अंगावर बोलते." आणि स्वतःच साड्या घेऊन उभे राहिले. मी म्हटलं ठीक आहे, स्कॅन करताना गळ्यापासून वरचं कापून टाकू. तसं सगळ्या फोटोंना केलंही. पण एक शालू होता, डाळिंबी रंगाचा, हिरव्या काठाचा, तो नानांनी डोक्यावरून घेतला होता.

"हा कापायचा नाही," नाना म्हणाले.

"अहो नाना, मिशी दिसते!"

"दिसू द्या."

"जगभर दिसेल! अमेरिकेत, लंडनमध्ये!"

"मास्तरीणबाई, डोकं कापलं तर काठ कापला. शालू घेणारी बाई काठाशिवाय घेईन कशी? बाया मिशी पाहत नाहीत. मी जन्मभर पाहून राहिलो, एकीनं मिशी पाहिली नाही."

मी तावातावानं शेठकडे गेले. शेठ पोट धरून हसले, मग गंभीर झाले आणि म्हणाले, "साडीचं नाना सांगेल ते." झालं, मी हरले. गणपतीच्या आधी साइट लागली. पहिल्या दिवशी सगळीकडे लाल फुल्याच, कारण मी चित्रांचे पत्ते माझ्याच कॉम्प्युटरचे दिले होते. माझ्या टेबलावर सगळं झकास आणि जगात फुल्या. पण ते नीट केल्यावर परदेशातून जे दोन-चार ईमेल आले, ते सगळे त्या मिशीवाल्या शालूसाठीच. नानांनी मला एकदाही "बघा, मी म्हटलं नव्हतं?" म्हणून टोचलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर महिनाभर टोचलं असतं.

नानांची मुलगी मंजुळा माझ्याच क्लासला होती. साड्यांची नावं तिनंच टाइप केली होती. दसऱ्यानंतर तिची सुपारी फुटली. मुलगा धुळ्याचा, देवपूरचा, हिरामण नावाचा, पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. वडील नव्हते, आई भिकुबाई आणि काका निंबा आबा. लग्न माघात ठरलं. त्या दिवसापासून मंजुळा टाइप करताना गुणगुणायला लागली. इतर कोणी वर्गात गुणगुणलं असतं तर मी बाहेर काढलं असतं. तिला नाही काढलं. तिला मुलगा मनापासून आवडला होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

आणि दिवाळी झाली आणि माशी शिंकली. हिरामणच्या ऑफिसात कोणीतरी दिवाळीआधीच आमची साइट उघडली होती. सासरा साडीत म्हणून पोरं हसली असतील थोडी. हिरामणनं त्या पानाची छापील प्रत काढली आणि दिवाळीला घरी नेली, आईला शालू दाखवायला. ती सापडली निंबा आबांच्या हाती. आबा म्हणजे भाऊबंदकीत शब्द चालणारा माणूस. त्यांनी मध्यस्थाकडून निरोप धाडला, की मुलीचा बाप जगभर बाई होऊन फिरतो, आम्हाला धुळ्यात तोंड दाखवायला जागा नाही. फोटो काढा, आणि दुकानात हे सोंग बंद करा. नाहीतर सुपारी मोडली समजा.

नाना भर दुपारी वर आले. त्या दिवशी चपला काढायच्या विसरले.

"मास्तरीणबाई, तो फोटो काढा."

मी जी सुटले! उचलली जीभ लावली टाळ्याला! आबांच्या घरातल्या बाया काय गोणपाट नेसतात? त्यांना साड्या दाखवल्या कोणी, आभाळातून पडल्या? बस्त्याला तुमच्यापुढे फतकल मारून बसायचं, 'नाना, डोक्यावर घेऊन दाखवा' म्हणायचं, आणि तेच फोटोत आलं की सोंग? मी आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. नाना स्टुलावर बसून सगळं ऐकत होते.

"तुमचं खरं शे," ते म्हणाले. "पण मंजुळा दोन दिवसांपासून गुणगुणत नाही."

हे माझ्याही लक्षात आलं होतं. ती कोपऱ्यातल्या मशीनवर बसली होती, आमच्याकडे पाठ करून, आणि तिची बोटं कीबोर्डवर नुसती ठेवलेली होती.

"तिनं काही म्हटलं का?" मी हळू विचारलं.

"ती म्हणते, नाना, फोटो राहू द्या, मले नाही करायचं लग्न. म्हणून तर काढा म्हणतो. पोरीनं बापासाठी असं म्हटल्यावर बापानं काय करावं? काठाचं काय, काठ दुसऱ्या साड्यांलेबी शे."

फोन लावला, मोडेम किंचाळला, आणि मी तो फोटो काढून टाकला. पानातला पत्ता तेवढा तसाच ठेवला. म्हटलं, राहू दे चौकट. मंजुळा उठून बाहेर गॅलरीत गेली. मला त्या दिवशी इतकं रडू आलं की मी वर्गच सोडून दिला.

नानांनी आबांचा दुसराही शब्द पाळला. डोक्यावर पदर घेणं बंद. साडी चादरीवर पसरायची, रंग सांगायचा, घडी घालायची. टपाल खिडकीवरचा माणूस तिकिटं देतो, तसे साड्या द्यायला लागले. बाया म्हणायच्या, "नाना, डोकावर?" नाना म्हणायचे, "मान दुखते, अक्का." शेठना सगळं माहीत होतं. धंद्यावर परिणाम होत होता, पण त्या माणसानं एक अक्षर काढलं नाही. "पोरगीचं आधी," एवढंच म्हणाले.

तुळशीचं लग्न झालं आणि एके सकाळी दुकानापुढे धुळ्याची जीप उभी राहिली. गल्लीत आरडाओरडा ऐकून मी गॅलरीतून वाकून पाहिलं आणि मग जिना उतरून खालीच गेले. काळीसावळी, अंगानं किरकोळ, पण आवाज असा की अख्ख्या सुभाष चौकाला ऐकू जावा, अशी एक बाई उंबऱ्यात उभी होती. भिकुबाई. मागे हिरामण, आणि तीन-चार बाया, त्यांत निंबा आबांची बायकोही. निंबा आबा जीपमध्येच बसून होते, तोंड दुसरीकडे करून.

"नाना, तो फोटू कोठे गया?" भिकुबाईंनी विचारलं.

नाना उभे राहिले. त्यांना वाटलं, आता भर बाजारात सुपारी परत मिळणार.

"काढला, अक्का. आबांचा निरोप आला तसा लगेच काढला."

"आम्ही सायबरमां गऊत, साडीना रंग देखाले. देखं ते नुसती लाल फुली! कोनी सांगं काढाले?"

हिरामण पुढे झाला आणि त्यानं सांगितलं ते ऐकून मला तिथेच नाचावंसं वाटलं. दिवाळीला काकांनी तो कागद आईपुढे धरला होता. म्हणाले, बघा वहिनी, हा तुमचा व्याही. आईनं कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "काठ झकास शे. रंग कोनता?" कागद काळा-पांढरा होता ना! काकांनी कपाळावर हात मारला आणि आईला न विचारताच, परस्पर, निरोप धाडून दिला. आईला पत्ताच नाही. परवा तिनं हट्ट धरला म्हणून हिरामण तिला देवपुरातल्या सायबर कॅफेत रंग दाखवायला घेऊन गेला, आणि तिथे फुली. तेव्हा मध्यस्थाला धरलं आणि सगळं बाहेर आलं.

"आबाना निरोप तो आबाना," भिकुबाई जीपकडे बघून मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या. "मना घरमां साडी मी पसंत करस."

आणि त्या गादीवर मांडी घालून बसल्या. बाकीच्या बायाही बसल्या. नानांनी डाळिंबी शालू काढला आणि चादरीवर पसरला. भिकुबाईंनी बघितला, हात फिरवला, पण मान काही हलवली नाही.

"फोटूमां शे तशी. डोकावर लीसन दखाडा."

"अक्का, मी ते बंद केलं."

"असं कसं बंद? मंग मना सूनना कपाळवर हाऊ काठ कसा दिसी, ते माले कोन सांगी?"

नानांनी एकदा जीपकडे पाहिलं. मग उभे राहिले, शालू झटकला, पदर खांद्यावर घेतला आणि डोक्यावरून पुढे ओढला. हिरवा काठ कपाळावर सरळ बसला. खाली ती मिशी. मान जराशी खाली. दुकानात कोणी हसलं नाही. भिकुबाई पुढे वाकून काठच बघत होत्या. आणि मी, कधी नव्हे ती, मिशीकडे न बघता काठाकडे बघितलं. खरोखर सुंदर दिसत होता हो तो काठ.

"सूनबाईले बलावा," भिकुबाई म्हणाल्या.

मी जिना चढून पळत वर गेले. मंजुळा दाराआड उभी राहून ऐकत होती, तिचं नाक लाल झालेलं. तिला म्हटलं, थांब जरा. आधी फोन लावला. तो मेला मोडेम नेमका तेव्हाच किंचाळत बसला, त्याला चार शिव्या घातल्या, आणि मिशीवाल्या शालूचा फोटो पुन्हा त्याच्या जागी चढवला. मग तिला हाताला धरून खाली आणलं. तेवढ्यात नानांनी, शालू खांद्यावर तसाच ठेवून, त्यानंतरची पहिली साडी निंबा आबांच्या बायकोपुढे उलगडली होती आणि चहाचा कप स्वतः जीपपाशी नेऊन दिला होता. आबांनी तो मुकाट्यानं घेतला. माफीबिफी कोणी मागितली नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही, चहा घेतला की झालं.

मंजुळा गादीपाशी येऊन उभी राहिली. हिरामण छताकडे बघायला लागला. भिकुबाईंनी नानांना खूण केली, "तुम्हीच ल्या तिना डोकावर."

आयुष्यभर लोकांच्या लेकींसाठी नानांनी पदर डोक्यावर घेतला होता. स्वतःच्या लेकीला दुकानातली साडी त्यांनी कधी अंगाला लावून बघितली नव्हती. मालकाचा माल, असं म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी तो शालू स्वतःच्या खांद्यावरून उतरवला आणि मंजुळाच्या डोक्यावरून घेतला. दोन्ही हातांनी काठ तिच्या कपाळावर आणला. मग एक पाऊल मागे सरकून, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वेळी उभे राहायचे तसे, बघत उभे राहिले. बघतच राहिले. मिशी हलायला लागली.

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मास्तरीणबाई, मले काही दिसून नाही राहिलं. काठ सरळ आला का हो?"

काठ एका बाजूला चांगला बोटभर तिरका होता.

"सरळ आहे, नाना," मी म्हटलं.

भिकुबाई उठल्या, मंजुळाच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो हातानं सरळ केला.